आधी जमिनीकडे पाहा

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन साधूंचं एक चर्च आहे. छप्पर कधीच गेलंय, कमानी मात्र शाबूत आहेत आणि त्या कमानींमुळेच तिथे गर्दी असते. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. फोटोग्राफर नवऱ्या मुलीला कमानीखाली उभं करतो, मदतनीस तिच्या घागऱ्याचा घेर फरशीवर नीट पसरवतो, आणि सगळे वर बघून हसतात. घागऱ्याखाली झाकली जाते ती फरशी म्हणजे कबरींच्या शिळा. कोणावर घराण्याची ढाल कोरलेली, कोणावर कवटी आणि हाडं, आणि त्याभोवती पोर्तुगीज अक्षरं. जागा कमी म्हणून अक्षरं एकमेकांत घुसवलेली, शब्द अर्ध्यावर तोडलेले.

पोर्तुगीजांच्या अशा शिळांवरचा ठरलेला मायना पुष्कळदा असा असतो : ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. म्हणजे माणसाने स्वतःपुरतीच नाही, पुढच्या पिढ्यांसाठीही जागा धरून ठेवली होती. आपण इथलेच, आपली नातवंडंही इथेच जगतील आणि मरतील, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. वसई पोर्तुगीजांकडे आली 1534 साली, गुजरातच्या बहादूरशहाकडून. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकली आणि या शिळांवरचे वारस जहाजात बसून निघून गेले. दोनशे वर्षांचा हा सगळा हिशेब फरशीवर लिहून ठेवलाय आणि आपण कमानींचे फोटो काढतो.

हे पुस्तक लिहिण्याचं कारण साधारण एवढंच. कोकणपट्टी, मुंबई, पुणे आणि गोवा इथली पोर्तुगीज आणि इंग्रज काळातली चर्चं मी एकटीने फिरून पाहिली. ही काही अभ्यासकाची पाहणी नाही. मी वास्तुशास्त्र शिकलेले नाही आणि ख्रिस्तीही नाही. पण पाहता पाहता एक सवय लागली. दारातून आत गेल्यावर मान वर करायच्या आधी खाली बघायचं. छत, घुमट, रंगीत काचा, सोन्याचा मुलामा दिलेली वेदी हे सगळं बांधणाऱ्याला जे दाखवायचं होतं ते. फरशीवर आणि भिंतींच्या खालच्या भागात राहिलं ते मात्र घडून गेलेलं. बाकी पुस्तकभर मी हेच निरनिराळ्या ठिकाणी सांगितलंय.

मुंबईतल्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल घ्या. चर्चगेट स्टेशनातून रोज लाखो माणसं बाहेर पडतात. त्या स्टेशनाला नाव मिळालं ते ज्या तटबंदीच्या दरवाजावरून, त्या दरवाजाला नाव मिळालं या चर्चवरून. गव्हर्नर जेराल्ड आँजिअरने 1676 मध्ये पाया घातला, पण पुढच्याच वर्षी तो वारला आणि चाळीसएक वर्षं अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या. शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने लोकांच्या मागे लागून वर्गणी गोळा केली आणि 1718 च्या नाताळात चर्च उघडलं. आत गेलं की भिंतभर संगमरवरी स्मारकं. कंपनीचे अधिकारी, दर्यावर्दी कप्तान, त्यांच्या बायका, तान्ही मुलं. नुसती वयं वाचत गेलं तरी पावसाळ्यातली त्या काळची मुंबई कशी होती ते कळतं. इंग्लंडहून निघालेली विशी-बाविशीतली पोरं इथल्या तापाने पटापट गेली. एका बाजूला जोनाथन डंकनचं स्मारक आहे. हा 1795 पासून 1811 पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्यावर वडाच्या झाडाखाली दोन मुलं कोरली आहेत, कारण काशी आणि काठियावाडातली बालहत्या बंद केल्याचं श्रेय त्याला दिलंय. प्रथा खरोखर किती बंद झाली हा वेगळा प्रश्न. पण इंग्रजांना इथे आपण कशासाठी आलो असं वाटत होतं, किंवा निदान तसं वाटतंय असं दाखवायचं होतं, ते या एका दगडात जितकं स्वच्छ दिसतं तितकं जाडजूड ग्रंथांतही सापडत नाही.

तिथून कुलाब्याला जावं. नौदलाच्या वसाहतीजवळ उंच मनोऱ्याचं चर्च आहे, कागदोपत्री सेंट जॉनचं, पण बसचा कंडक्टरही त्याला अफगाण चर्च म्हणतो. 1858 मध्ये ते पूजेसाठी खुलं झालं. मनोरा जवळजवळ दोनशे फूट उंच. समुद्रातून येणाऱ्या जहाजांना तो खुणेसारखा उपयोगी पडे. आत निळ्या-तपकिरी फरश्या, रंगीत काचांच्या उंच खिडक्या आणि बाकांना बंदुका टेकवून ठेवायला केलेल्या खाचा. पहिलं अफगाण युद्ध आणि सिंधच्या मोहिमा यांत मेलेल्यांसाठी हे चर्च बांधलं. अधिकाऱ्यांची नावं एकेक करून कोरली आहेत. त्याखालचा मजकूर सांगतो की हे स्मारक साध्या शिपायांचंही आहे, पण ते इतके होते की सगळ्यांची नावं लिहिणं शक्य नाही.

हे वाक्य वाचून मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसले. लिहिणाऱ्याने ते प्रामाणिकपणेच लिहिलं असणार. पण हुद्दा असेल त्याला नाव आणि नसेल त्याला आकडा, तोही मोजायचे कष्ट न घेता, हा साम्राज्याचा सगळा कारभार त्या एका वाक्यात मावतो. बरोबर कोणी असतं तर आम्ही काचांबद्दल बोललो असतो आणि पुढे सरकलो असतो.

म्हणून एकटीने जाण्याबद्दल चार शब्द. घोळक्याने फिरताना घोळक्याचा वेग आपला होतो. कोणाला चहा हवा असतो, कोणाचे पाय दुखतात, कोणी घड्याळ बघतो, आणि चर्चसारख्या जागी, जिथे वरवर पाहायला पाच मिनिटं पुरतात, तिथे माणसं पाचव्या मिनिटाला दाराकडे वळतात. एकट्या माणसाला बसता येतं. एकट्या बाईला तर फारच बसता येतं. लॉजच्या काउंटरवर ‘सोबत कोण आहे?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं, एसटी स्टँडवरही नजरा असतात. पण चर्चच्या मागच्या बाकावर एकटी बाई तासभर बसली तरी कोणी हटकत नाही. तिथे येणारे कितीतरी लोक एकटेच येतात. एकटेपणासाठी तिथे कारण द्यावं लागत नाही.

एकट्या माणसाशी लोक बोलतातही. वसईजवळच्या गावात रविवारची मिस्सा सुटली आणि मी अंगणात रेंगाळत होते, तेव्हा एक आजी जवळ आल्या आणि विचारलं, ‘‘कोणाकडे आलात?’’ कोणाकडेच नाही म्हटल्यावर त्यांना खरं वाटेना. ‘‘असं कसं, कोणाकडे तरी आला असाल ना?’’ शेवटी त्यांच्याकडेच गेले. तासाभरात घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं, चर्चच्या नव्या छपराचा खर्च आणि केळीच्या बागा विकून बिल्डरने बांधलेल्या इमारती असं सगळं कळलं. गोव्यात सासष्टीतल्या एका चर्चची देखभाल करणाऱ्या सांक्रिस्तांवने आधी नुसतं ‘‘बाय, तूं खंयची?’’ एवढंच विचारलं. पुण्याची म्हटल्यावर वेदीमागची खोली स्वतःहून उघडली आणि कपाटातली जुनी भरतकामाची वस्त्रं दाखवली. घोळक्याला अशी कपाटं कोणी उघडून दाखवत नाही.

आता अवघड गोष्टीकडे येते. पुष्कळ मराठी वाचकांना चर्च म्हटलं की एकतर गोव्याच्या सहलीतला पांढराशुभ्र फोटो आठवतो, नाहीतर पाडलेली देवळं आठवतात. दुसरी आठवण खोटी नाही आणि ती झाकण्यात मला रस नाही. गोव्यात 1540 च्या सुमारास तिसवाडीतली आणि 1567 मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. मंगेशी कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून रात्री-अपरात्री नदी ओलांडून पलीकडे नेली गेली, कारण फोंड्याचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. 1560 मध्ये इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलं ते 1812 मध्ये कायमचं बंद झालं. त्याचा जाच हिंदूंना झाला तसा नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाही झाला, किंबहुना त्यांना जास्तच. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी 1583 मध्ये पाच जेझुइटांना ठार मारलं आणि त्यानंतर गावच्या गावकारांना बोलणी करायला बोलावून मारण्यात आलं. ज्या जागांवर हे घडलं तिथे आज चर्चं आहेत आणि त्यांत सकाळ-संध्याकाळ माणसं गुडघे टेकतात.

ही गोष्ट डोळ्यांनी पाहायची असेल तर गोव्यापर्यंत जायची गरज नाही. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी आहेत. सहाव्या शतकाच्या आसपासचं शैव लेणं, आत नटराजाचा मोठा पट. सोळाव्या शतकात अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन साधूने त्याचं चर्च केलं आणि वर डोक्यावर मठ बांधला, त्याचे अवशेष अजून आहेत. लेण्याच्या एका भिंतीवर मूळचं शिल्प तासून त्यात भला मोठा क्रूस कोरलाय. समोर उभं राहिलं की छिन्नीचे घाव मोजता येतात. पण त्याच माणसांनी दुसरीकडची शिल्पं गिलाव्याने झाकली आणि गिलाव्याखाली ती पुष्कळशी वाचली. विध्वंस आणि जतन एकाच हाताने, एकाच कारणासाठी झालं. संतापायला या जागेइतकी सोपी जागा नाही आणि संताप आला तर येऊ द्यावा. फक्त त्यानंतर लगेच निघू नये. शेजारीच जिवंत पॅरिश आहे, तिथल्या लोकांचे पूर्वज या मातीतलेच होते आणि छिन्नी त्यांच्या हातात होती असं मानायला काही कारण नाही.

उलट दिशेचीही एक वाट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या गोव्याची चर्चं पाहून दुसऱ्या दिवशी फोंड्याला जावं. कवळ्याच्या शांतादुर्गेचं आजचं देऊळ 1738 च्या सुमारास पुरं झालं, शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या प्रयत्नाने. त्याचा घुमट बघा, खिडक्यांच्या कमानी बघा, आतली झुंबरं बघा, मंगेशीचा अष्टकोनी मजल्यांचा दीपस्तंभ बघा. हे सगळं कुठे पाहिलंय ते आठवायला वेळ लागत नाही. ज्या गवंड्यांनी आणि सुतारांनी पाद्र्यांसाठी काम केलं त्यांच्याच कारागिरीची परंपरा देवळांत आली. आणि चर्चमधल्या लाकडी व्यासपीठांच्या खाली काही ठिकाणी सर्पशेपटीच्या नागकन्या दिसतात, त्या लिस्बनहून आलेल्या नव्हेत. धर्मसत्ता एकमेकींचे देव हाकलत होत्या तेव्हा कारागीर दोन्हीकडे रोजगार करत होते. दोघांच्याही इमारतींत त्यांनी आपला हात सोडलाय.

बॉम जेझूस पाहताना हाच हात पुन्हा दिसतो. 1594 मध्ये काम सुरू झालं आणि 1605 मध्ये आर्चबिशप मेनेझिस यांच्या हस्ते अभिषेक झाला. (वसईच्या किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चच्या दर्शनी भागावर 1601 सालचा लेख आहे, त्यातही हेच मेनेझिस. एकच माणूस सगळ्या किनाऱ्याची बांधकामं उरकत होता.) सेंट फ्रान्सिस झेवियर वारले 1552 मध्ये, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, देह मात्र इथे आहे. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवला, फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने केलेला, 1698 मध्ये बसवलेला. त्यावरची चांदीची पेटी त्याच्या साठेक वर्षं आधीची आणि गोव्याच्या सोनारांनी घडवलेली. गाईड संगमरवराबद्दल भरभरून बोलतात. पेटीवरचे छोटे छोटे प्रसंगपट बघायला मान बरीच वर करावी लागते. माझा आधी खाली बघायचा नियम इथे मोडतो आणि मोडावाच.

बाहेर आलं की बॉम जेझूसच्या भिंतींचा लाल जांभा उघडा दिसतो. लोकांना तो आवडतो, फोटोत छान येतो, जुनापुराणा दिसतो. पण ही इमारत अशी नव्हती. शेजारच्या से कॅथीड्रलसारखीच तिलाही चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात, म्हणजे पोर्तुगीजांच्या अखेरच्या वर्षांत, इमारतीला ‘जुना’ चेहरा द्यायच्या हौसेने तो खरवडून काढला. जांभा हा सच्छिद्र दगड. गोव्याच्या पावसाचं पाणी तो पिऊन घेतो, ओल आत जाते, वरचे पापुद्रे सुटत जातात. कोकणात जांभ्याचं घर बांधणाऱ्या कुठल्याही माणसाला हे माहीत असतं, म्हणूनच तो बाहेरून गिलावा करतो. आता तज्ज्ञ गिलावा परत करा म्हणतात आणि लोकांना ती लाल भिंतच खरी वाटते. माझं मत गिलाव्याच्या बाजूने आहे. फोटोसाठी इमारत भिजत ठेवणं शहाणपणाचं नाही.

इमारतीची निगा सुटली की काय होतं ते पाहायला पाच-दहा मिनिटं चालून टेकडीवर जावं. सेंट ऑगस्टीनचा मनोरा तिथे उभा आहे, 46 मीटर उंच, निम्मा कोसळलेला. सतराव्या शतकाच्या आरंभी हे गोव्यातल्या सर्वांत मोठ्या चर्चांपैकी एक होतं. 1835 मध्ये पोर्तुगाल सरकारच्या हुकमाने गोव्यातले धर्मसंघ बंद झाले, साधू निघून गेले, छताकडे लक्ष देणारं कोणी उरलं नाही, 1842 मध्ये मुख्य छत कोसळलं आणि 1931 मध्ये दर्शनी भाग. मुळात शहरच त्याआधी ओस पडत आलं होतं. रोगराईने माणसं मरत होती, जी जगली ती पणजीकडे सरकली आणि 1843 मध्ये राजधानीही अधिकृतपणे तिथे गेली. ऑगस्टीनच्या उघड्या जमिनीवर शिळा अजून आहेत. त्यांवर पाऊस पडतो आणि त्यांवरूनच पर्यटक मनोऱ्यापर्यंत जातात. थोडं पलीकडे रोझरी चर्च आहे. लहान, साधं, बहुतेकजण तिथपर्यंत येतच नाहीत. तिथे गव्हर्नर गार्सिया द सा याच्या पत्नीची, कातारिना आ पिरो हिची कबर आहे, गुजराती पद्धतीच्या नाजूक नक्षीची. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज बाईच्या थडग्यावर खंबायतकडची वेलबुट्टी! माझ्या लेखी जुन्या गोव्यातली ही सगळ्यात सुंदर वस्तू, आणि तिच्यासमोर मी कधीही रांग पाहिलेली नाही.

मराठी माणसाला या सगळ्याशी काय कर्तव्य, असं मला एकदोघांनी विचारलं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचलं. 1616 मध्ये सासष्टीतल्या राशोलला ते छापलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा छंद त्याने घेतला, कारण लोकांच्या कानात तोच होता. वसई पट्ट्यातल्या गावांत आज मिस्सा मराठीत होते. तिथले सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती घरात आपापल्या बोली बोलतात. त्याच पट्ट्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आणखी काय कर्तव्य हवं?

शिवाय या इमारतींचा काही भाग आपल्याकडे आहे, अगदी शब्दशः. वसईच्या विजयानंतर चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आणल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच, 1721 सालची. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक आहे, 1707 सालची, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. मेणवलीला गेलात तर घंटा वाजवायच्या आधी तिच्याभोवती एकदा फिरा.

आणि याच मराठी राज्याने पुढे चर्चला जमीनही दिली. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी होते, त्यांना पुण्यात प्रार्थनेला जागा हवी होती. सवाई माधवरावांच्या काळात, 1792 मध्ये, नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ ती मिळाली. आज तिथे सिटी चर्च आहे. इमारत नंतरची, जागा पेशव्यांनी दिलेली. वसई घेतल्याला तेव्हा जेमतेम त्रेपन्न वर्षं झाली होती. तिथून गुरुवार पेठेपर्यंत चालत गेलात तर पंचहौद मिशनचं होली नेम चर्च लागतं, 1885 चं. उंच घंटाघर गल्लीतून अचानक समोर येतं. 1890 मध्ये याच मिशनच्या आवारात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसह पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला जमली, मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली, नावं बाहेर फुटली आणि पुढे ग्रामण्य (जातीचा बहिष्कार), शंकराचार्य, प्रायश्चित्त असं सगळं रामायण घडलं. चर्चमध्ये त्या चहाची पाटी वगैरे नाही. असायला हवी होती.

कोर्लईचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांब झालंय, त्याचं कारण ती जागा. अलिबाग-मुरूड रस्त्यावर, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव. रेवदंडा-चौल आणि कोर्लई 1740 मध्ये मराठ्यांकडे आली आणि पोर्तुगीज गेले. गावातल्या ख्रिस्ती लोकांची बोली मात्र राहिली, मराठीच्या शेजारात वाढलेली पोर्तुगीज. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. हजाराच्या आसपास माणसं ती बोलतात. एका संध्याकाळी चर्चच्या पायरीवर दोन बायका मासळीच्या भावावरून भांडत होत्या आणि मी ऐकत बसले. भांडणाचा सूर अस्सल रायगडी, शब्द मात्र ओळखीचे होता होता निसटून जाणारे. वरती किल्ल्यावरचं चर्च पडलेलं आहे. पाहायला जरूर जा, पण गावात थांबल्याशिवाय परत फिरू नका.

काही गोष्टी मी गाळल्या आहेत, काही आटोपत्या घेतल्या आहेत. दीव-दमणला एकेक प्रकरणच दिलंय. शाळा-कॉलेजांच्या आवारातली चर्चं परवानग्यांच्या भानगडीमुळे सोडली. दादरचं पोर्तुगीज चर्च 1596 चं म्हणून यादीत होतं, पण आजची इमारत चार्ल्स कोरिया यांची, विसाव्या शतकातली. ती उत्तम आहे, फक्त या पुस्तकात बसत नाही. माऊंट मेरीवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. तिथे सप्टेंबरच्या जत्रेत जावं आणि पुस्तक घरी ठेवावं.

एकट्याने जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. दुपारी बारा ते चार पुष्कळ चर्चं बंद असतात. किल्ली सांक्रिस्तांवकडे किंवा शेजारच्या घरात असते आणि नीट विचारलं तर मिळते. मिस्सा चालू असताना आत जायला हरकत नसते, पण मागे बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. पवित्र भाकर घेण्यासाठी रांग लागेल, तिच्यात कुतूहलापोटी शिरू नका. तो प्रसाद नव्हे, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच तो विधी असतो आणि आपण न घेतल्याने कोणी नाराज होत नाही. कबरींच्या शिळा सकाळी लवकर किंवा चारनंतर वाचा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. खडूने घासून किंवा पाणी ओतून ती वाचायचा प्रयत्न करू नका. मुंबईतल्या सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आवारातलं 1579 चं पडकं चर्च वर्षातून एकदा, मे महिन्यात, मिस्सेसाठी उघडतं. जायचं असेल तर आधी चौकशी करा.

या पुस्तकातल्या बहुतेक चर्चना तिकीट नाही. छपराचं लाकूड, चुन्याचा गिलावा, खिडक्यांमधल्या शिंपल्यांच्या चकत्या यांचा खर्च आसपासची माणसं रविवारच्या वर्गणीतून करतात, आणि वसईत काय किंवा गोव्यात काय, ती माणसं फार श्रीमंत नाहीत. दाराशी पेटी असते. आपण कुठल्याही धर्माचे असू, बाहेर पडताना तिच्यात काही टाका.